लामारोआचे धोंडू मास्तर

चिंचपोकळीच्या एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत धोंडू मास्तर राहतात. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, तेवढं शिकलेलेच नाहीत. सातवीत गणितानं दगा दिला आणि बापानं पोराला परळच्या गिरणीत साचेखात्यात बदलीवर चिकटवलं. गिरणीत मागाला साचा म्हणतात. धोंडू साच्यावर उभा राहिला तो बारा-तेरा वर्षं उभाच होता. मग मोठा संप झाला, गिरणी बसली आणि धोंडूही घरी बसला. मग मास्तर झाले कधी? तर इंडोनेशियात. हसू नका, चाळ चाळीस वर्षं हसून दमलेली आहे.

झालं असं की संपाला दोन वर्षं उलटली तेव्हा भायखळ्याचा एक एजंट साच्यांवरची माणसं गोळा करत होता. जावा बेटावर कुणा हिंदुस्थानी शेटची कापडाची कंपनी होती, तिला कारागीर हवे होते. धोंडू गेला. घरी बायको रखमा, आणि दोन पोरगे, एक सहा वर्षांचा, एक तीन. कंपनीनं त्याला जावावर चार दिवस ठेवलं आणि पुढे सुलावेसी बेटावर धाडलं, बुगिस लोकांच्या मुलखात. गावाचं नाव लामारोआ. नकाशात दिसत नाही, आणि न दिसण्याचं कुणाला दुःखही नाही. पुरुष भातशेतीत, बायका मागावर. घरं लाकडी खांबांवर उभी; शिडी चढून वर राहायचं आणि खाली, घराच्या पोटात, सावलीला बसून बायका रेशमी सारोंग विणायच्या. सारोंग म्हणजे आपली लुंगीच, पण लग्नात मिरवायची.

त्यांचा माग बघून धोंडूला आधी हसू आलं. चार दांड्या आणि कमरेला बांधलेला एक पट्टा, संपला माग. बाई जमिनीवर पाय लांब करून बसणार, स्वतःच्या कमरेनं ताणा ओढून धरणार आणि लाकडी पट्टीनं एकेक धागा ठोकून बसवणार. एका सारोंगाला तीन आठवडे. कंपनीनं धोंडूसोबत सहा पायमाग पाठवले होते, पायानं चालवायचे, झपाझप धोटा मारणारे. तीन वर्षांत गावच्या बायकांना ते शिकवायचे, असा करार होता. आणि आमचा धोंडू वीस महिन्यांत परत आला. का? तर काम फत्ते. अख्खं गाव शिकलं. तसं कंपनीच्या साहेबाचं सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगलेलं आहे. ते इंग्रजीत आहे, त्यामुळे चाळीत त्याला फार मान.

त्यानंतर गिरणी काही उघडली नाही. धोंडूनं दादरला एका कापडदुकानात उभं राहून उरलेली नोकरी काढली. पण मास्तर ही पदवी विमानातून जी आली ती चिकटलीच. चाळीत कुणी काहीही बोलो, मास्तर गाडी लामारोआला नेऊन लावणार. "तिकडे असं नसतं," ही सुरुवात. तिकडे मोठी माणसं बसली असतील तर समोरून जाणारा माणूस कमरेत वाकतो, उजवा हात खाली सोडतो आणि दबकत जातो. तिकडे कुणी नाही म्हणत नाही. काहीही सांगा, "इये" म्हणतात, म्हणजे हो जी. "सहा मागांवर बावीस बायका बसवल्या मी. एक बाई उलटून बोलली नाही. 'मास्तर, इये. मास्तर, इये.' आणि इथे बघा, नळावर बादली सरकव म्हटलं तर बाप काढतात." चाळीतली पोरं मग मास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसले की समोरून मुद्दाम कमरेत वाकून, हात लोंबकळवत जायची. मास्तर खूश व्हायचे. थट्टा आहे हे त्यांच्या लक्षात यायचं नाही, की येऊनही चालायचं, कोण जाणे.

घरात मास्तर तिकडून आणलेला सारोंग नेसतात. लाल-काळ्या मोठ्या चौकटींचा. तो फाटला तेव्हा दादरहून तस्संच कापड शोधून दुसरा शिवला, पण चौकट सोडली नाही. शेजारचे मॅथ्यू, जे बोटीवर बबर्ची होते आणि सुलावेसीच्याच मकासर बंदरात दोनदा उतरलेले, ते म्हणायचे, "धोंडू, मकासर मी पाहिलाय. तुझा लामारोआ कुठल्या बोटवाल्यानं ऐकलेला नाय." मास्तर म्हणायचे, "बोट शेतात जाते काय रे?"

आता रखमाबाईंची बाजू. त्या वीस महिन्यांत ह्या बाईनं खानावळ चालवली. संपात नवरे बसले तशा चाळीतल्या बायका उठल्या. कुणी पापड लाटले, कुणी बोंबील विकले. रखमाबाई दिवसाला चाळीस डबे करायच्या. दोन पोरं, एक स्टो. महिन्याला एक पत्र यायचं, त्यात ठरलेला मजकूर: मी खुशाल आहे. काम जोरात आहे. गावचे लोक फार मान देतात. पोरांना अभ्यासाला बसव. बस. "तू कशी आहेस" एवढे तीन शब्द लिहायला शाई कमी पडत होती काय, हे रखमाबाईंनी नवऱ्याला कधी विचारलं नाही. उलट चाळीत कुणी मास्तरांची टर उडवली तर पदर खोचून त्याच पुढे व्हायच्या. "अख्खो गाव शिकवून इलोहा तो माणूस. तुमच्या घोवान काय केल्यान?" मात्र घरात भांडण झालं की हीच गोष्ट उलटी व्हायची. "तुमका काय, तुमी थंय मजेत होतात." मास्तर त्यावर गप्प बसायचे.

गप्प का बसायचे, त्याला कारण होतं. निघायच्या दिवशी जीप गावाबाहेर गेली आणि धोंडूला आठवलं, छत्री राहिली. जीप थांबवून तो चालत मागे आला. अर्धा तास झाला असेल नसेल. बघतो तर घराघराखाली बायका आपले जुने कमरेचे माग बांधून बसलेल्या. त्याच्या सहा मागांपैकी एकावर मिरच्या वाळत घातलेल्या आणि दुसऱ्यावर कोंबडी बसलेली. वीस महिन्यांचं शिक्षण अर्ध्या तासात मोडीत निघालं होतं. धोंडू छत्री न घेताच परत फिरला. ही गोष्ट त्यानं जीपवाल्याला सांगितली नाही, एजंटला नाही, रखमेला नाही. गोड बोलून बायकांनी फसवलं, असं त्यानं स्वतःशी ठरवलं आणि वर सर्टिफिकेटाचं झाकण लावलं. झाकली मूठ चाळीस वर्षं सव्वा लाखाची राहिली. त्या गावात आणखीही एक भानगड होती, दुपारच्या वेळची, पण तिचा हिशेब मास्तर स्वतःलासुद्धा देत नसत.

आणि मग चाळीच्या मंडळाला पंचाहत्तर वर्षं झाली. मंडळाचा सेक्रेटरी अजित. माणूस वाईट नाही, पण त्याला कल्पना सुचतात. "गिरणगावची माणसं" असा कार्यक्रम, चाळीच्या चौकात, रविवारी सकाळी अकराला, पहिला सत्कार धोंडू मास्तरांचा. इथपर्यंत छान होतं. मास्तरांनी भाषण पाठ करायला घेतलं. तेवढ्यात नात अनुजा, कॉलेजात जाते, तिनं मोबाइलवर लामारोआ शोधून काढलं. इंटरनेटवर गावाबद्दल एकूण तीन ओळी होत्या: अमुक जिल्हा, भात पिकतं, रेशमी कापड विणतात. खाली एक फोटो. मास्तरांनी चष्मा लावून तीनही ओळी दोनदा वाचून घेतल्या आणि विचारलं, "माझं नाव नाही?"

अनुजानं फोटो टाकणाऱ्या बाईला निरोप पाठवला. ती गावातली शाळामास्तरीण निघाली, नूर नावाची, इंग्रजी बोलणारी. तिची आजी बेस्से म्हणून, पंच्याऐंशीची, तिला इंडियाचा मास्तर पक्का आठवत होता. झालं, अजितला आणखी एक कल्पना सुचली. सत्काराच्या वेळी मोठ्या पडद्यावर गावाशी थेट व्हिडिओ कॉल. आजी बोलणार, नूर इंग्रजीत सांगणार, अनुजा मराठीत. मास्तरांनी शिकवलेले माग सगळ्या चाळीला दिसणार.

"तिकडे नेटवर्क नसतं," मास्तर म्हणाले. अनुजा म्हणाली, इथल्यापेक्षा बरं आहे. "बेस्से आता थकली असेल, म्हाताऱ्या बाईला कशाला त्रास?" अनुजा म्हणाली, ती डोक्याला नवीन रुमाल आणून बसलीय. "तिकडे रविवारी सगळे शेतावर जातात." ह्यावर मॅथ्यू हसले. रखमाबाईंनी तर ठेवणीतली जांभळी साडी इस्त्रीला टाकली, भायखळ्याची बहीण, तिच्या सुना, सगळ्यांना बोलावणं धाडलं. "चाळीस वरसां लोक माका हसले," त्या अनुजाला म्हणाल्या. "बघू देत आता डोळ्यांनी." हे ऐकल्यावर मास्तरांची खरं सांगायची होती नव्हती ती हिंमतही गेली. आपलं पितळ उघडं पडेल ते पडेल, पण ही बाई ज्या गोष्टीवर ताठ मानेनं जगली ती गोष्टच तिच्या बहिणीसमोर कोंबडीखाली निघणार होती. शनिवारभर ते वीज जावी म्हणून देव पाण्यात घालून बसले. चिंचपोकळीची वीज एरवी शिंकलं तरी जाते. त्या रविवारी नाही गेली.

चौकात दीडशे माणूस. मास्तर कार्यक्रमाला सारोंग नेसून, वर पांढरा सदरा घालून आले, कारण अजितनं तसं फर्मावलं होतं. पहिल्या रांगेत रखमाबाई, पाठ ताठ. पडद्यावर आधी एक कान दिसला, मग छत, मग बेस्से आजी. चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती, पण डोळे तेच. मास्तरांनी हात जोडले. आजीनं मान लववली.

अजितनं माईक घेतला. "मास्तरांनी शिकवलेले माग अजून चालतात का, विचार." अनुजानं विचारलं, नूरनं विचारलं. आजी म्हणाली, "इये." चौकात टाळ्या पडल्या. मास्तरांना वाटलं, सुटलो. बुगिस माणूस नाही म्हणत नाही, धन्य ते गाव. पण अजित म्हणाला, "मग दाखवा की."

नूर नव्या पिढीची, तिला वाटलं दाखवावं. फोन शिडीवरून खाली उतरला. खाली सावलीत दोन बायका पाय लांब करून, कमरेला पट्टा बांधून विणत होत्या. ठक, ठक. फोन पुढे गेला. कोपऱ्यात एक लाकडी सांगाडा उभा होता, त्याच्या आडव्या दांडीवर मिरच्या, आणि विणकराच्या फळीवर एक तपकिरी कोंबडी. नूर काही तरी बोलली. अनुजा घुटमळली.

"सांग ना," अजित म्हणाला.

"ती म्हणते, हाच मास्तरांचा माग. मास्तर गेल्यावर विणायला कुणी वापरला नाही. पण लाकूड फार चांगलं आहे. बाकीच्या पाचांचे माडीचे कठडे केले."

गॅलरीतून कुणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी कुणी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, इथे तर कोंबडी पडद्यावर आठ फूट दिसत होती. अजित नेटवर्कबद्दल काहीतरी बोलू लागला. रखमाबाईंच्या बहिणीनं सुनेच्या कानाला तोंड लावलं. मास्तर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले. रखमाबाईंकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

तोवर फोन परत वर गेला. आजीनं आता मास्तरांना नखशिखांत पाहिलं, आणि तोंडाला रुमाल लावून हसायला लागली. अनुजा म्हणाली, "आजोबा, ती विचारते, तुमचं लग्न मोडलं का?" मास्तर बुचकळ्यात. नूरनं समजावलं. त्या मुलखात मोठ्या चौकटीचा सारोंग बिनलग्नाचे पोरगे नेसतात, आणि बारीक चौकटीचा बिनलग्नाच्या पोरी. लग्न झालेला, दोन पोरांचा बाप मोठी चौकट मिरवत गावभर हिंडतोय, हे शेवटी शेवटी सगळ्यांना कळलं होतं. पण मास्तराला चूक कशी सांगणार? आता मात्र चौक मोकळेपणी हसला. मॅथ्यू तर डोळे पुसायला लागले.

आजी हसायची थांबली आणि तिनं एक प्रश्न विचारला. त्यातला एक शब्द सगळ्यांना कळला. "रखमा?"

रखमाबाई उठून उभ्या राहिल्या. "हिका माजा नाव कसा ठाऊक?"

अनुजानं रखमाबाईंकडे बोट दाखवून सांगितलं, ही रखमा. आजीनं दोन्ही हात छातीशी नेले आणि बोलत सुटली. नूर तुकडे करून सांगत होती, अनुजा तुकडे करून मराठीत आणत होती. दुपारी जेवण झालं की आम्ही सगळ्या मागांच्या वरच्या घरात लवंडायचो. मास्तर खाली मागांपाशी थांबायचा. मागाची दांडी धरून रडायचा. त्याला वाटायचं, वर काय ऐकू जातंय. पण जमीन बांबूची, फटीफटीची; वर बावीस बायका डोळे उघडे ठेवून पडलेल्या असायच्या. भाषा कळत नव्हती. एकच शब्द रोज यायचा, रखमा. आधी आम्हाला वाटलं, ही कुणी मेलेली बाई. मग गावच्या दुकानदारानं, ज्याला मास्तरचं मोडकंतोडकं कळायचं, आडून आडून विचारलं, तेव्हा कळलं की जिवंत आहे, दोन पोरं घेऊन एकटी आहे, आणि ह्याला आणखी दीड वर्ष सुटका नाही.

"मग आम्ही बसून ठरवलं," अनुजाचा आवाज आता बारीक झाला होता. "साहेब तपासायला यायचा होता, त्याच्या आधी आठ दिवस आम्ही आपले माग गुंडाळून ठेवले. मास्तरांच्या मागावर बसलो. पाय सुजले. साहेबासमोर प्रत्येकीनं हातभर कापड काढलं आणि सांगितलं, आम्ही सगळं शिकलो, आता मास्तरची गरज नाही. साहेबानं कागद लिहून दिला. मास्तर गेला, तेव्हा आम्ही आपले माग पुन्हा बांधले. आजी विचारते, त्याला राग नाही ना आला? तो छत्री विसरून गेला, आम्ही खूप दिवस जपून ठेवली होती."

चाळीस वर्षं ज्या बायकांना मास्तर मनातून लबाड म्हणत आले, त्यांनी ह्यांना पास करून घरी पाठवलं होतं. टीव्हीवरचं ते सर्टिफिकेट खरं तर बावीस जणींनी मिळून ह्यांना काढून दिलेली सुट्टी होती. लाज वाटली, फार वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी हललं. कार्यक्रमपत्रिकेत पुढे शाल-श्रीफळ लिहिलेलं होतं, म्हणून अजितनं शाल घातली. टाळ्या कुणी, किती वाजवाव्यात ते लोकांना ठरवता येईना. पहिली टाळी मॅथ्यूंनी वाजवली.

रखमाबाई तोपर्यंत चौकातून निघून जिना चढू लागल्या होत्या. मास्तर शाल सावरत मागोमाग गेले. खोलीत बाई खाटेवर बसली होती, जांभळ्या साडीची घडी मोडू न देता. मास्तरांनी नारळ ओट्यावर ठेवला.

"माग कुणी वापरले नाहीत, ते मला तेव्हाच दिसलं होतं," ते म्हणाले. "सांगायला तोंड नव्हतं."

"मागांका काय आग लावूची असा?" रखमाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पत्रात कित्याक नाय लिवलात?"

"काय लिहायचं? तू इथे मरमर मरत होतीस. त्यात मी रडतोय म्हणून लिहू? तुला उगाच घोर. म्हटलं, हिला वाटू दे मी बरा आहे." मास्तर खुर्चीत बसले. जणू अजून काहीतरी शिल्लक राहिलंय अशा आशेनं ते म्हणाले, "आता कळलं ना. बरं वाटलं ना तुला?"

"बरा?" बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण पदर लावला नाही. "चाळीस डबे करी होतंय मी दिसाक. हात भाजलो, थोरल्याक ताप इलो, पण रडाक नाय. कित्याक? तर हो माणूस थंय मजेत असा, माजी आठवणसुद्धा काढणा नाय, मगे मी कित्याक रडू? त्या रागाच्या जीवार मी पोरां वाढवलंय. चाळीस वरसां तोच राग घेवन तुमच्यावांगडा संसार केलंय." ती थांबली. खाली चौकात अजित पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव पुकारत होता. "आता ह्या वयात तो राग मी ठेवू खंय?"